शस्त्रक्रियोत्तर बोधनऱ्हास

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची स्मरणशक्ती, एकाग्रता, विचारांचा वेग आणि कामाची आखणी करण्याची क्षमता घटणे म्हणजे शस्त्रक्रियोत्तर बोधनऱ्हास. तो प्रामुख्याने साठीपुढच्या रुग्णांत आढळतो. डिलिरियमपेक्षा तो वेगळा. डिलिरियममध्ये रुग्ण पहिल्या काही दिवसांतच असंबद्ध बोलतो, त्याला दिवस-रात्रीचे भान राहत नाही आणि ते घरच्यांच्या लगेच ध्यानात येते. बोधनऱ्हास बहुधा टाके निघाल्यावर, घरी परतल्यावर उमगतो.

‘ऑपरेशननंतर ते पूर्वीसारखे राहिले नाहीत’ ही नातेवाइकांची तक्रार जुनीच आहे. १९५५ साली ब्रिटिश डॉक्टर बेडफर्ड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती गांभीर्याने मांडली आणि बोट भुलीकडे दाखवले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयाव्यतिरिक्त इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेले, साठ वर्षे व त्यावरील १,२१८ रुग्ण तपासले गेले. आठवड्याभराने सुमारे २६ टक्के, तर तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के रुग्णांत ऱ्हास आढळला. शस्त्रक्रिया न झालेल्या तुलना गटात तीन महिन्यांनंतरचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. शस्त्रक्रियेदरम्यान घटलेला प्राणवायू किंवा उतरलेला रक्तदाब हे कारण असणार, असा कयास होता. तो खरा ठरला नाही. पूर्ण भुलीऐवजी केवळ भाग बधिर केल्यानेही तीन महिन्यांनंतरच्या निकालात ठळक फरक पडलेला नाही. सध्या अधिक संशय आहे तो शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरात उठणाऱ्या आणि मेंदूपर्यंत पोचणाऱ्या दाहावर. वाढते वय, कमी शिक्षण, पूर्वीचा पक्षाघात, जंतुसंसर्ग आणि दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया यांनी धोका वाढतो.

स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरेंच्या चाचणीतले गुण थोडेच घसरलेले असले, तरी रोजच्या जगण्यात ते पुरेसे नडते. गोळ्यांच्या वेळा चुकतात, बँकेच्या कागदावर काय लिहिले आहे ते दोनदा वाचूनही कळत नाही, चार माणसे बोलत असली की संभाषणाचा धागा सुटतो. मग माणूस बोलणेच कमी करतो. अशा आंतरराष्ट्रीय अभ्यासांतल्या डेन्मार्कमधील रुग्णांचा पुढे मागोवा घेतला असता, आठवड्याभराने ऱ्हास दिसलेल्यांनी नोकरी तुलनेने लवकर सोडल्याचे आणि तीन महिन्यांनीही ऱ्हास टिकलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. अर्थात आजारपणच मुळात जास्त असेल, तर या दोन्ही गोष्टी त्यानेही घडू शकतात.

रुग्णाची तक्रार आणि चाचणीचा निकाल मात्र नेहमी जुळत नाहीत. ‘विसरायला होते’ या तक्रारीचे नाते पुष्कळदा गुणांपेक्षा खिन्नतेशी अधिक असते. म्हणून २०१८ च्या नव्या परिभाषेत केवळ गुणांवर न विसंबता रुग्णाची वा निकटवर्तीयांची तक्रार आणि दैनंदिन कामांची स्थितीही विचारात घेतली गेली. पहिल्या महिन्यातल्या घसरणीला ‘लांबलेली बोधनभरपाई’ असे वेगळे स्थान मिळाले. कारण बहुतेकांची बुद्धी हळूहळू पूर्वपदावर येते.

यावर नेमके औषध नाही. झोप, लवकर हिंडणे-फिरणे, चष्मा आणि श्रवणयंत्र शुद्धीवर येताच परत देणे, वृद्धांना गुंगीची काही औषधे टाळणे, हे उपाय मुख्यतः डिलिरियमसाठी अवलंबले जातात. निदानाची खरी अडचण आणखी आधीची आहे: शस्त्रक्रियेपूर्वी चाचणी क्वचितच होते, त्यामुळे ‘पूर्वी’ काय होते हे सांगायला बहुधा घरची माणसेच उरतात.