टायगर ब्रेड आणि पाइनॅपल बन : भेगा सारख्या, कारणं वेगळी

फोटोत शेजारी ठेवले तर कोणाचीही गफलत होईल. दोन्ही यीस्टचे पाव, दोन्हींच्या पाठीवर सोनेरी भेगा, दोन्ही चावताना कुरकुरतात. म्हणून एकाची कृती वाचून दुसऱ्याची अपेक्षा धरली जाते. मीही ती धरली होती आणि गोड, बिस्किटासारखा थर हाती आल्यावर खट्टू झाले होते.

टायगर ब्रेड मूळचा नेदरलँड्सचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्याला ‘डच क्रंच’ म्हणतात आणि तिथे तो मुख्यतः सँडविचसाठी वापरतात. ब्रिटनमध्ये सेन्सबरीज या दुकानसाखळीने २०१२ मध्ये एका चिमुरडीच्या पत्रावरून त्याचं नाव ‘जिराफ ब्रेड’ केलं. मला ते पटतं, कारण ते डाग खरोखर जिराफाचे आहेत, वाघाच्या पट्ट्यांशी त्यांचा काही संबंध नाही.

त्याच्या वरचा थर म्हणजे तांदळाच्या पिठीचं सरबरीत मिश्रण. सहा लहान पावांसाठी पाऊण कप पिठी, अर्धा कप कोमट पाणी, एक मोठा चमचा यीस्ट, तेवढीच साखर, तेवढंच तेल आणि चिमूटभर मीठ. हो, वरच्या थरातही यीस्ट! पंधरा मिनिटांत मिश्रण फसफसून हलकं होतं, मग ते पावावर जाडसर थापायचं. पिठी साध्या तांदळाची हवी, चिकट तांदळाची चालत नाही.

तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन, नसतं. ओव्हनमध्ये आतला मैद्याचा गोळा फुगतो, ताणला जातो, पण वरचा थर तोवर सुकत आलेला असतो आणि त्याला ताणताच येत नाही. आटत्या तळ्यातला चिखल तडकतो तसा तो तडकतो. म्हणजे भेगा पाडतो तो खालचा पाव. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. भेगा आल्या नाहीत की लोक पिठीला दोष देतात, पण पुष्कळदा पाव भट्टीत जाण्याआधीच जास्त फुगलेला असतो आणि आत त्याच्यात वाढायला जोर उरलेला नसतो. दुसरं कारण म्हणजे हात आखडता घेऊन लावलेला पातळ थर. तो नुसताच फिकट, खरखरीत होतो. हे मिश्रण वाटतं त्याहून जास्त लावा, बाजूंनाही लावा आणि १९० अंश सेल्सिअसला रंग नीट चढेपर्यंत भाजा. लहान पावांना साधारण पंचवीस मिनिटं लागतात.

पाइनॅपल बन हाँगकाँगचा. त्यात अननस नसतो, नाव फक्त पाठीवरच्या नक्षीमुळे पडलं. तो करण्याचं तंत्र २०१४ मध्ये हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. याचा थर ओतायचा किंवा फासायचा नसतो. मैदा, भरपूर साखर, बटर किंवा चरबी, अंड्याचा बलक आणि थोडी बेकिंग पावडर यांचा बिस्किटासारखा गोळा करून, त्याची चकती लाटून गोड, लुसलुशीत बनवर बसवायची. साखर आणि स्निग्धांशामुळे ग्लुटेन जुळत नाही. चकती भाजताना वितळून पसरते, बेकिंग पावडरने फुगते आणि फुटते. इथेही खालच्या बनचं फुगणं हातभार लावतं, पण थर स्वतःही हलत असतो. जपानी मेलनपॅन याच कुळातला आहे, फक्त त्यावर चौकडीच्या रेघा आधीच मारलेल्या असतात.

म्हणून कृती वाचताना वरच्या थराचं साहित्य बघा. पिठी आणि यीस्ट असेल तर टायगर ब्रेड, मैदा आणि बटर असेल तर बन. थरांची अदलाबदल मात्र करू नका. बिस्किटाचा थर साध्या, खारट पावावर विजोड लागतो.

बन गरमागरम असतानाच मधोमध चिरून त्यात थंड बटरची जाड चकती ठेवून खातात. टायगर ब्रेड मात्र जाळीवर पूर्ण निवू द्या. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ मऊ पडते, तेव्हा पाच मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला की कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.