तेल जमिनीखाली, पैसा घरातल्या घरात

चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यामुळे सेसा गोवा हे नाव बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला परकं नाही. लोहखनिज काढणाऱ्या या कंपनीनं २०११ मध्ये केअर्न इंडिया या तेल कंपनीचे सुमारे २० टक्के शेअर घेतले. सेसा ज्या समूहातली, त्या वेदांतानं बाकीचे शेअरही घेतले आणि ताबा त्याच्याकडे गेला. २०१३ मध्ये सेसा आणि त्याच समूहातली धातू कंपनी स्टरलाइट एक झाल्या. ज्यानं खनिजाचा शेअर म्हणून कागद जपला होता, तो नकळत राजस्थानातल्या तेलाचाही भागीदार झाला. तेलशोध कंपनीचा शेअर घ्यावा का, असं इथं कुणी विचारलं की मी आधी हे सांगतो.

राजस्थानात बाडमेरजवळचं केअर्नचं मंगला तेलक्षेत्र २००४ मध्ये सापडलं, उत्पादन सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये. मधली वर्षं पैसा नुसता बाहेर जातो. शिवाय मंगलासारखं नशीब सगळ्यांचं नसतं, कित्येक विहिरी कोरड्या निघतात. विहीर खोदणाऱ्या रिगचं भाडं रास्त होतं का, विहीर एवढ्याला पडायला हवी होती का, हे बेळगावात बसून कळायला मार्ग नाही. कंत्राटदार प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांच्या, नात्यातला निघाला, तर कंपनीचा खर्च हीच घरच्यांची कमाई ठरू शकते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-६ वायूक्षेत्राचा अंदाजित खर्च २००४ ते २००६ या दोन वर्षांत सुमारे २४० कोटी डॉलरवरून ८८० कोटींवर गेला. २०११ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं त्यावर बोट ठेवलं, कारण करारानुसार कंपनीचा खर्च आधी वसूल व्हायचा, सरकारचा नफ्यातला वाटा नंतर. २०१६ च्या धोरणानं सरकारचा वाटा थेट महसुलाशी जोडला. त्यानं सरकारची बाजू सावरली, छोट्या भागधारकाची नाही.

छोट्या भागधारकाची खरी गोष्ट जुलै २०१४ ची. केअर्ननं आपल्याच समूहातल्या कंपनीला १२५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केल्याचं बाहेर आलं आणि शेअर एका दिवसात सुमारे ७ टक्क्यांनी पडला. पतसंस्थेत चेअरमनच्या मेहुण्याला कर्ज मिळालं की सभासद का चिडतात, हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. विहिरींसाठी राखलेली रोकड मालकाच्या दुसऱ्या घरी गेली आणि बाकीच्या भागधारकांना आधी कुणी विचारलंही नाही, हा तो राग होता.

तसं विचारण्याची सक्ती तेव्हा नव्हतीच. कंपनी कायद्याच्या कलम १८८ मध्ये संबंधितांशी, म्हणजे प्रवर्तक किंवा समूहातल्या कंपन्यांशी, होणाऱ्या व्यवहारांची यादी आहे, तिच्यात कर्ज येत नाही. शेअर बाजाराची नियामक सेबीनं एप्रिल २०१४ मध्ये कडक नियम जाहीर केले होते, पण ते लागू व्हायचे होते १ ऑक्टोबरपासून. हा व्यवहार मधल्या फटीत बसला. सत्यम या आयटी कंपनीनं डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या घ्यायचा घाट घातला, तेव्हाच हा धोका उघड झाला होता. तरी फट बुजायला इतकी वर्षं लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२२ मध्ये अशा व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागण्याची मर्यादा १,००० कोटी रुपये किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम, अशी ठरली. केअर्न इंडिया त्याआधीच, एप्रिल २०१७ मध्ये, वेदांतात विलीन झाली होती.