मोटारीची मागची चाकं आणि बाणाची पिसं

परवा आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ आला. अमेरिकेतला महामार्ग, पुढे पळणारी मोटार, मागे पोलिसांची गाडी. पोलिसांची गाडी जवळ येते, पुढच्या मोटारीच्या मागच्या कोपऱ्याला बाजूने हलकीच टेकते आणि ती मोटार गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहते. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पोलिसांच्या इंजिनाची ताकद बघा!' ताकदीचा इथे फार थोडा संबंध आहे. मोटारीला फिरवलं ते मुख्यतः तिच्या स्वतःच्याच वेगाने. हे कोडं मला इतकं आवडतं की त्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

या डावाला अमेरिकी पोलीस 'पिट' म्हणतात. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या पोलिसांनी १९८०च्या दशकात तो प्रशिक्षणात आणला आणि तिथून तो देशभर पसरला.

आता बाण आठवा. त्याच्या शेपटीला पिसं असतात. बाण जरा तिरका झाला की हवा पिसांवर बाजूने आदळते आणि शेपूट पुन्हा रांगेत येते. मोटारीत हे काम मागची चाकं करतात. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. चाकाचं तोंड एका दिशेला आणि गाडी सरकतेय किंचित वेगळ्या दिशेला, असं झालं की त्या तळहाताएवढ्या रबराला पीळ बसतो आणि रबर आडव्या दिशेने जोर लावतं. तोंड आणि चाल यांच्यातला कोन वाढेल तसा हा जोर वाढतो. पण साधारण सहा ते दहा अंशांनंतर रबराची पकड संपते, टायर घसरू लागतो आणि कोन कितीही वाढला तरी जोर वाढत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा गाडीची शेपूट उजवीकडे सरकली. म्हणजे नाक डावीकडे वळलं, पण गाडी अजून सरळच चालली आहे. चारही टायर आता डावीकडे जोर लावतात. मागचे टायर शेपटीला डावीकडे ढकलतात, म्हणजे गाडी सरळ करतात. पुढचे टायर मात्र नाकाला आणखी डावीकडे ढकलतात, म्हणजे गाडी जास्तच वाकडी करतात! ही रस्सीखेच आपल्या गाडीत सतत चालू असते आणि रोज मागची चाकं जिंकतात, म्हणून आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

पोलिसांची गाडी ही रस्सीखेच बिघडवते. दाराची मूठ बिजागरीपासून लांब असते म्हणून दार एका बोटाने उघडतं. तसाच मागचा कोपरा गाडीच्या गुरुत्वमध्यापासून लांब असल्यामुळे तिथे थोडा जोरही पुरतो. मागचे टायर त्या सहा-दहा अंशांपलीकडे गेले की बाणाची पिसं उपटल्यासारखं होतं. पुढचे टायर अजून रस्ता धरून असतात, ते नाकाला फिरवत नेतात. गाडी उलटी होईपर्यंत फिरते. उलटी झाल्यावर पुढची चाकं शेपटीच्या जागी येतात, म्हणजे बाणाला पुन्हा पिसं मिळतात. अशा गाड्या बहुधा उलट्या तोंडाने थांबतात, त्याचं कारण हे.

हे वाचून निदान एक करा. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवा. आपल्याकडे बरेच जण ते पुढे बसवतात, पण टायर कंपन्यांचा सल्ला मागे बसवण्याचाच आहे. पहिल्या पावसात घाटाच्या वळणावर गुळगुळीत मागचे टायर दगा देतात, तेव्हा बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने घर्षण कणभरही वाढत नाही. नवस बोलण्याआधी टायरच्या खाचा बघा, हे मी कळकळीने सांगतो.

अमेरिकी पोलिसांना पिट शिकवतात ते मुद्दाम निसरड्या केलेल्या, पाणी सोडलेल्या मैदानावर. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लिंको इथे तिथल्या केंद्र सरकारचं मोठं पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, तिथेही गाडी घसरवण्याची अशी मैदानं आहेत. यामागचं गणित छान आहे. वळणावर टायर सुटण्याच्या वेगाचा वर्ग घर्षणाच्या प्रमाणात असतो. घर्षण एक चतुर्थांश केलं की तो वेग निम्मा होतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला जे घडेल ते इथे ४०ला घडतं आणि शिकणारा सुखरूप राहतो. आपली स्वतःची गाडी घसरली तर काय करायचं, हे तो आधी अंगात मुरवतो.

वेग वाढला की मात्र कौशल्य तोकडं पडतं. रस्ता टायरला किती धरतो हे सांगणारा आकडा, म्हणजे घर्षणांक, ०.७ धरला, तर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी पूर्ण घासत थांबायला सुमारे २० मीटर लागतात, १२०ला ८०. इतक्या अंतरात समोर झाड, खांब, माणूस, काहीही येऊ शकतं. शिवाय उंच गाड्यांचा प्रश्न वेगळाच. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा साध्या मोटारींचा साधारण १.३ ते १.५ असतो आणि एसयूव्हींचा १ ते १.३. आकडा जितका लहान तितकी कलंडण्याची भीती मोठी, आणि आडव्या घसरत्या गाडीचं चाक मऊ मातीत रुतलं की ती पालथी होते. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच पोलीस दलांनी पिटला ताशी ३५ मैलांची, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरची मर्यादा घातली आहे. सगळ्यांनी घातलेली नाही, आणि ते मला धोक्याचं वाटतं.

मार्च २००१ मध्ये जॉर्जियात ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ने जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा पोलिसांना पाहून थांबला नाही. पाठलाग सुरू झाला. अधिकाऱ्याने पिटची परवानगी मागितली, ती मिळाली, पण वेग फार आहे हे ओळखून त्याने पिट केला नाही. इथवर त्याचं बरोबर होतं. मग त्याने मागून सरळ धडक दिली. मोटार उतारावरून खाली गेली आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. मुलाने अधिकाऱ्यावर दावा लावला, पण २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पाठलागाचा व्हिडिओ न्यायमूर्तींनी पाहिला होता.