गिअर टाकताना आवाज येतोय? गिअरबॉक्स खोलायला सांगण्याआधी एवढं वाचा

(आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी. हाताने गिअर टाकायच्या सगळ्या चारचाकींना लागू.)

"गिअरबॉक्स गेला बघा. लई आवाज करायलीय गाडी." बीडच्या आमच्या गॅरेजात गाडी लावून खाली उतरता उतरताच ग्राहक निदान सांगून मोकळे होतात. आम्ही विचारतो, आवाज नेमका कधी येतो? क्लच दाबल्यावर, सोडल्यावर, की चालताना? मग जरा शांतता. "गिअर टाकताना येतो. म्हणजे, तसा चालताना बी येतो."

यात ग्राहकाची चूक नाही. गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर असतं आणि तिथेच असायला हवं. पण गिअरबॉक्सच्या बाबतीत आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे जास्त कामाचं असतं. घरघर बेअरिंगची असते तशी चाकाचीही असते. त्या वेळी तुमचा डावा पाय कुठे होता आणि गाडी उभी होती की पळत होती, एवढं सांगितलंत तरी आमचं अर्धं काम होतं. गिअरबॉक्स खाली उतरवून परत चढवायचा म्हणजे दिवसाची मजुरी, वर ऑइल आणि सील. कधी कधी ते करावंच लागतं. पण ती वेळ सगळ्यात शेवटी यावी, यासाठी हे पत्रक.

आत काय चालतं

गिअर टाकला म्हणजे दातात दात घातले, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पुढे जायच्या गिअरांचे दात एकमेकांत कायमच बसलेले असतात. फक्त ते शाफ्टवर मोकळे फिरत असतात. तुम्ही दांडा हलवला की आतला शिफ्टर एक स्लीव्ह (आतून दात असलेली कडी) सरकवतो आणि ती स्लीव्ह त्यातल्या एका गिअरला शाफ्टशी जखडते. अडचण एवढीच की जखडताना दोघांचा वेग सारखा असावा लागतो. उसाच्या हंगामात चालत्या ट्रॉलीवर चढणारा माणूस पाहिलाय ना? तो आधी ट्रॉलीच्या बरोबरीने चार पावलं पळतो, मग दांडीला हात घालतो. उभ्या उभ्या हात घातला तर खांदा निखळेल.

गिअरबॉक्समधली ती चार पावलं पळायचं काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळेची असते, बांगडीएवढी, आतून बारीक आट्यांची. स्लीव्ह सरकली की रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग जुळतो आणि मगच स्लीव्हला वाट मिळते. ही सोय पहिल्यांदा आणली अमेरिकेच्या कॅडिलॅकने, १९२८ साली. त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबून, वेग स्वतःच जुळवावा लागायचा. आपल्याकडचे जुने ट्रकवाले अजूनही सवयीने डबल क्लच मारतात, आणि त्यांच्या गाडीचा गिअर कधी खरडत नाही.

गाडी उभी असताना घरी करून बघा

मोकळ्या सपाट जागेत गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. इंजिन चालू करा, काचा खाली घ्या, पंखा आणि टेप बंद.

क्लचला पाय न लावता ऐका. आता क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला, कुईं किंवा सुकी घरघर, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. हे बेअरिंग क्लच दाबला की खरं कामाला लागतं. उलट, न दाबता घरघर होती आणि दाबताच बंद झाली, तर ती गिअरबॉक्सच्या आतली आहे, बहुतेक वेळा इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनचा जोर क्लचमधून आत आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगची. क्लच सोडलेला असला की न्यूट्रलमध्येही इनपुट शाफ्ट फिरत असतो, दाबला की थांबतो. आवाजही त्याच्याबरोबर थांबतो.

आता इंजिन बंद करून सगळे गिअर एकेक टाकून बघा. बंद गाडीतही दांडा अडत असेल तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या वायर, बुश, जोडण्या बघायच्या. बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर पहिला किंवा रिव्हर्स खरडतो, तर बिचाऱ्या गिअरबॉक्सला दोष देऊ नका. तिथे क्लच पूर्ण सुटत नसतो.

याचीच आणखी एक खूण. पुढे मोकळी जागा ठेवा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक सोडा, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. ब्रेक हळूच सोडल्यावर सपाटीवरही गाडी पुढे सरकू बघत असेल तर क्लच ओढतोय. वायरचा क्लच असेल तर वायर ताणली असेल किंवा आतून तुटत आली असेल. ऑइलचा क्लच असेल तर ऑइल कमी झालं असेल, हवा शिरली असेल, किंवा वरचा नाहीतर खालचा सिलिंडर गळत असेल.

एक मॅट आणि आमची एक मजुरी

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वायरच्या क्लचची एक छोटी गाडी आली. "रिव्हर्स पडंना, बळंच टाकला की कर्र करायलाय." आमच्या माणसाने फेरी मारली, खरंच कर्र झालं. हंगामाची गर्दी होती, घाईत गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट चांगली, रिंगा चांगल्या, दात चांगले. आता काय म्हणून परत चढवला, ऑइल भरलं, फेरी मारली. गिअर लोण्यासारखा! आम्हालाही बरं वाटलं.

संध्याकाळी मालक आले. आमच्या पोराने मॅट झटकून जागेवर टाकले. आधी गाडीबरोबर आलेलं, त्याच्यावर मालकांनी हौसेने घेतलेलं जाड रबराचं. मालक बसले, रिव्हर्स टाकला, कर्र! आमचा मिस्त्री तिथेच गुडघ्यावर बसला आणि पेडल हाताने दाबून बघितलं. पेडल दोन बोटं अलीकडेच मॅटवर टेकत होतं. क्लच कधी पूर्ण दबतच नव्हता, म्हणून सुटतही नव्हता. आम्ही दिवसभर काम केलं तेव्हा मॅट बाहेर होतं, म्हणून फेरी छान झाली.

मजुरी घेतली नाही. तेव्हापासून गिअरची तक्रार घेऊन कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी आम्ही पेडलखाली हात घालतो.

एकच गिअर खरडत असेल तर

सगळे गिअर ठीक, पण दुसरा किंवा तिसराच खरडतो, तेही मुख्यतः खाली उतरवताना. मांजरसुंब्याच्या घाटात चौथ्यावरून तिसरा घेतला की कर्र, असं ग्राहक अगदी जागेसकट सांगतात. ही झिजलेल्या सिंक्रो रिंगची तक्रार आहे. खात्री करायची तर डबल क्लच मारून बघा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा ॲक्सिलरेटर, परत क्लच दाबून खालचा गिअर. असं केल्यावर गिअर गुपचूप पडला तर रिंगचं काम तुमच्या पायाने केलं, म्हणजे रिंग गेली.

खोलल्यावर जुनी रिंग आम्ही तुमच्या हातात देतो. बोट फिरवून बघा. नव्या रिंगच्या आतल्या आट्या नखाला लागतात, गिअरवर दाबून फिरवली तर ती पकडते. झिजलेली आरशासारखी चकाकते आणि गुळगुळीत फिरते. ही बघितल्याशिवाय नव्या रिंगचे पैसे देऊ नका, आमच्याकडेही नाही आणि दुसरीकडेही नाही.

गिअर पडतो पण चालताना निसटून न्यूट्रलला येतो, ही तक्रार वेगळी. स्लीव्ह, गिअरचे अडकायचे दात किंवा शिफ्टर झिजलेला असतो, कधी नुसतं इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन धरून ठेवणारं रबर, दबून खराब झालेलं असतं. हात लावून गिअर धरून ठेवत गाडी चालवू नका.

रिव्हर्सचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. तरीही खरडला तर आधी पहिला टाकून लगेच रिव्हर्स घ्या. मागे जाताना रडल्यासारखा आवाज येतो तो बहुतेक गाड्यांत रिव्हर्सच्या सरळ दातांचा. पुढचे गिअर तिरक्या दातांचे असतात म्हणून ते शांत. त्यासाठी गाडी आणू नका, चहा पाजून परत पाठवू.

चालताना येणारी घरघर

वेगाबरोबर वाढणारी, गिअर बदलला की सूर बदलणारी घरघर आली तर पहिली शंका ऑइलची, मग बेअरिंगची. बोलेरो, सुमो, ईको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक गंमत आहे. त्यांच्या बहुतेक पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनचा जोर खालच्या काउंटर शाफ्टमधून न जाता सरळ पुढे जातो. बाकी गिअरांत घरघर आणि चौथ्यात एकदम कमी, असं असेल तर काउंटर शाफ्टची बेअरिंगं बघायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना ही खूण लागू नाही.

रिकाम्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला क्षणभर न्यूट्रल केलं आणि घरघर तशीच राहिली, तर गिअरबॉक्सच्या आधी चाकाचं बेअरिंग किंवा टायर तपासतो. वळणावर आवाज कमी-जास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा संशय आणखी वाढतो. पूर्ण वळवून निघताना टक-टक-टक झालं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. ॲक्सिलरेटर दिला-सोडला की दणका बसतो आणि गिअरचा दांडा मागेपुढे उडतो, तर फाउंडेशन. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचा क्रॉस जॉइंट. यातल्या एकाही कामाला गिअरबॉक्स खोलावा लागत नाही. न्यूट्रलची चाचणी घाटात मात्र करू नका.

ऑइल

इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात, गिअर ऑइल कुणाला आठवत नाही. छोट्या गाडीत ते साधारण दोन लिटर असतं आणि गिअरबॉक्सवर ऑइल मोजायची पट्टी नसल्याने कमी झालेलं कळतही नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून थेंब थेंब जातं. सकाळी गाडी हलवल्यावर फरशीवर डाग दिसला तर बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलचा वास उग्र, गंधकासारखा येतो.

"नव्वद नंबर टाकून द्या" असं काउंटरवर सांगून ऑइल घेऊ नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच दर्जा घ्या. जिथे जीएल-४ लिहिलंय तिथे जीएल-५ "भारीतलं" म्हणून टाकलं तर कधी कधी उलटं होतं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मिश्रणं डिफरन्शियलच्या दातांना लागतात, पण त्यातली काही पितळी रिंगला मानवत नाहीत. शिवाय निसरड्या ऑइलात रिंगला पकड मिळत नाही. फार जाड ऑइल टाकलं की डिसेंबरच्या सकाळी दुसरा गिअर अडतो आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आपोआप सुधारतो. हा अनुभव असेल तर आधी ऑइल बदलून बघू.

ऑइल काढताना आम्ही तुम्हाला ड्रेन नट दाखवतो. त्याच्या चुंबकावर राखाडी गाळ असतोच, घाबरायचं काही नाही. ऑइलात पिवळी चमक दिसली तर ती रिंगची. दाताचा तुकडा दिसला तर मग खोलायलाच लागेल.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे पूर आला, तेव्हा ओढ्याच्या पाण्यातून काढलेल्या गाड्या अजूनही एखाददुसरी येते. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या-यायच्या छिद्रातून, पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा गाडीचं ऑइल लगेच बदलायचं, थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं. आवाज यायची वाट बघितली तर बेअरिंगला गंज चढलेला असतो.

दोन सवयी

दांड्यावर हात टाकून बसू नका. तेवढ्या वजनाने शिफ्टर फिरत्या स्लीव्हला घासत राहतो. आणि क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नका, रिलीज बेअरिंग उगाच फिरत राहतं.

गाडी आणताना

शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून लावा. काही आवाज फक्त थंड गाडीत येतात आणि गॅरेजपर्यंत येता येता गाडी गरम होते. कुठल्या गिअरला, क्लच दाबलेला की सोडलेला, उभी की चालू, एवढं कागदावर लिहून आणा. मोबाइलवर आवाज टिपला असेल तर उत्तमच. आधी आमचा माणूस तुम्हाला शेजारी बसवून फेरी मारेल. खोलायचं ठरलं तर आधी फोन करू, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देऊ.

पायाखालचं मॅट काढून आणू नका. जसं आहे तसंच असू द्या, ते आम्हालाच बघायचंय.