टक्कर आधी कागदावर

शिरोळकडे उसाच्या फडावर फवारणीचा ड्रोन उडतो, तेव्हा चालवणाऱ्या पोराची नजर विजेच्या तारांवर असते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी त्याचं काम सोपं केलंय: चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जायचं नाही. उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या विमानांपासून लांब राहिलं की झालं. पण ड्रोन नजरेआड गेला, की वळायचं कधी आणि कुठे हे ड्रोनचं ड्रोनलाच ठरवावं लागतं. त्या निर्णयावर विसंबायचं कसं, हा प्रश्न जुना आहे.

आकाशातले बहुतेक नियम माणसं गेल्यावरच आले. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं धडकून १२८ जण गेले. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर ३४९. त्यानंतर भारतात विमानांची टक्कर टाळणारं टीकॅस सक्तीचं झालं. ही यंत्रणा एका विमानाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगते. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एका विमानाला यंत्र म्हणालं ‘वर’, जमिनीवरचा कंट्रोलर म्हणाला ‘खाली’. त्याच्या वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं, दुसरं विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं; ७१ मृत्यू.

हजार चाचण्या पास झाल्या तरी हजार-एकाव्या वेळी काय होईल, ते चाचणी सांगत नाही. म्हणून भूमितीतल्या प्रमेयासारखी सिद्धता मांडायची, हीच फॉर्मल पद्धत. नव्वदच्या दशकात संगणकशास्त्रज्ञ नॅन्सी लेव्हसन यांच्या गटाने टीकॅसच्या अटी गणिती भाषेत लिहून काढल्या. कोल्हापुरात ताराराणी चौकात पुतळ्याला वळसा घालतो, तसाच वळसा दोन विमानांनी घालायची युक्तीही होती. फक्त आधीच्या काही मांडणीत विमान जागच्या जागी वळायचं! खऱ्या, गोलाईच्या वळणासाठीची सिद्धता प्लात्झर आणि क्लार्क यांनी २००९ मध्ये दिली.

खरी गंमत मानवरहित विमानांची टक्कर टाळणाऱ्या एकॅस-एक्सयू या यंत्रणेत आहे. कुठल्या स्थितीत कुठे वळायचं, हे सांगणारे तिचे तक्ते २ जीबीहून मोठे, विमानातल्या संगणकाला न पेलणारे. म्हणून ते ४५ न्यूरल नेटवर्कमध्ये (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दाबून ३ एमबीच्या आत बसवले. पण नेटवर्क आत काय करतं, हे वाचून कळत नाही. २०१७ मध्ये काट्झ आणि सहकाऱ्यांनी रीलुप्लेक्स ही पद्धत वापरून त्यांचे अनेक गुणधर्म सिद्ध केले. काही गुणधर्मांना मात्र तडा देणारी उदाहरणंच सापडली, तीही एकही विमान न पाडता.

या हिशेबाला समोरच्याचं अंतर, कोन आणि वेग आधी कळावा लागतो. फडावरून अचानक उठणारे बगळे त्यात नाहीत. त्यांच्यासाठी अजून पोराचीच नजर.