भाषणात हात थरथरतो की अंग डोलतं? कंप आणि डिस्कायनेशिया यांतला फरक

बाबांना पार्किन्सन्स हा आजार आहे. ते भाषणाला उभे राहिले की पाच मिनिटांत कुणीतरी माझ्या कानाशी येऊन विचारतंच, "आज गोळी घेतली नाही वाटतं यांनी?" घेतलेली असते. घेतलेली असते म्हणूनच त्यांची मान आणि खांदे डोलत असतात. नातेवाइकांना, संयोजकांना, बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे इतक्यांदा सांगून झालंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

कंप सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे आजाराचं नावच कंपवात, आणि जेम्स पार्किन्सनने 1817 साली या आजारावर निबंध लिहिला तोही थरथर हा शब्द शीर्षकात घेऊनच. हा कंप बहुधा एका बाजूच्या हातापासून सुरू होतो. हात मांडीवर निवांत पडलेला असताना येतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, एका लयीत, अंगठा आणि तर्जनी मिळून गोळी वळत असल्यासारखा. हात कामाला लागला की पुष्कळदा तो थांबतो. काही जणांना तर कंप कधीच येत नाही, फक्त ताठरपणा आणि मंदपणा असतो. कंपाबद्दल एवढं पुरे.

डिस्कायनेशिया म्हणजे अंगाचं आपोआप होणारं डोलणं. त्याला लय नसते. मान एकीकडे वळते, खांदा वर जातो, धड झुलतं, पाय आपोआप पुढे-मागे होतो. लांबून पाहणाऱ्याला माणूस अस्वस्थ वाटतो, कधी कधी तर प्यायलेला वाटतो. ही हालचाल आजार थेट करत नाही. लेव्होडोपाची गोळी (आपल्या घरांतून 'सिंडोपा' म्हणतात ती) काही वर्षं चालू राहिली की पुष्कळांना हा त्रास सुरू होतो. सुरुवातीच्या काळात मेंदूतल्या पेशी गोळीतून तयार झालेलं डोपामिन (हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन) साठवून हळूहळू वापरतात. या पेशी कमी होत गेल्या की साठवण संपते आणि प्रत्येक गोळीबरोबर पातळी चढते, उतरते. पातळी उतरली की कंप, ताठरपणा. पातळी शिगेला पोचली की डोलणं.

म्हणून हालचालीकडे बघत बसू नका, घड्याळ बघा. गोळी कधी घेतली हे कळल्याशिवाय त्या हालचालीला नाव देऊ नका. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी साधारण अर्ध्या ते एका तासात लागू पडते, त्यानंतर असर शिगेला जातो आणि आजार जुना असेल तर तीन-चार तासांत उतरायला लागतो. बाबांची गोळी साडेचारची. सव्वापाचला ते 'ऑन' होतात, म्हणजे गोळी लागू पडते, सहाच्या सुमारास डोलतात, साडेसातनंतर उजवा हात थरथरायला लागतो. माणूस तोच, संध्याकाळ तीच, पण दोन्ही हालचालींची कारणं एकमेकींच्या उलट आहेत. (काहींना गोळी चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळांना पाय झटकण्याचा त्रास होतो. तो प्रकार वेगळा आहे, त्याची उकल न्यूरॉलॉजिस्टकडेच करून घ्या.)

हे न कळल्यामुळे आमच्याकडे एकदा फार वाईट प्रसंग झाला. बाबांचा सत्कार होता. ते डोलताना पाहून एका जवळच्या नातेवाइकांनी, अगदी मायेनं, त्यांना अर्धी गोळी जास्तीची दिली. पाऊण तासानं बाबांना खुर्चीत बसणंही कठीण झालं. सत्काराला उत्तर द्यायचं राहूनच गेलं आणि ते घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. व्यासपीठामागे उभं राहून गोळीचा डोस कुणीही बदलू नये. घरच्यांनी नाही, शेजारच्या डॉक्टरांनीही नाही.

मायकेल जे. फॉक्स या अभिनेत्याची दोन जाहीर भाषणं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. 1999 साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ते मुद्दाम गोळी न घेता बोलले, आजार कसा असतो ते सिनेटरांना दिसावं म्हणून. 2006 च्या निवडणुकीतल्या एका जाहिरातीत ते सतत झुलताना दिसले, तेव्हा रश लिंबॉ या रेडिओ निवेदकानं आरोप केला की एक तर यांनी गोळी घेतलेली नाही, नाही तर हे सोंग आहे. गोळी घेतलेली होती. ते झुलणं डिस्कायनेशियाचं होतं. आमच्या पहिल्या रांगेतली कुजबुज आणि तो आरोप, दोन्हींच्या मुळाशी गैरसमज तोच.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रेक्षकांना डोलणं जास्त भयंकर दिसतं, पण बोलणाऱ्यासाठी बहुधा तीच वेळ चांगली असते. 'ऑफ'मध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरल्यावर, बाबा शांत दिसतात, पण आवाज घशातच राहतो, चेहरा गोठतो, पाय जमिनीला चिकटतो. डोलत असताना ते ज्ञानेश्वरीवर वीस मिनिटं खणखणीत बोलतात. निवड करायची वेळ आली तर ते डोलणं निवडतात आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. डोलणं बोलण्याच्या आड येण्याइतकं वाढलं तर डॉक्टर डोसची विभागणी बदलतात, अमांटाडिन हे औषध देतात. त्यासाठी दोन-तीन दिवस गोळीच्या वेळा लिहून ठेवा आणि त्या त्या वेळचे मोबाइलवरचे व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनात दोन्ही गोष्टी 'हलतंय' एवढ्याच उरतात.

"घाबरू नका हो" हे मात्र कृपा करून म्हणू नका. ताणानं कंपही वाढतो आणि डोलणंही, हे खरं. पण भीती हे त्याचं कारण नव्हे. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाला तसं म्हणणं मला अपमानाचं वाटतं.

संयोजकांना माझी विनंती वेळेची आहे. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू होतो, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, आणि आमची 'ऑन'ची वेळ तिथंच संपते. शुभार्थीला (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाची मंडळी रुग्णासाठी वापरतात तो हा शब्द मला फार आवडतो) पहिलं बोलू द्या. आधी आग्रहानं खाऊ घालू नका. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेनं शोषली जातात, त्यामुळे कोजागिरीच्या कार्यक्रमात भाषणाआधी दिलेला मसाला दुधाचा पेला आमची गोळी अडवू शकतो. दूध नंतर पिऊ.

माइक हातात देऊ नका, स्टँडवर लावा. कागदाऐवजी जाड पुठ्ठ्याचं कार्ड चालतं, कारण पातळ कागद एवढीशी थरथरही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. पाण्याचा पेला अर्धाच भरा. हात असलेली खुर्ची ठेवा, आणि कुणी बसून बोलतो म्हणाला तर बसून बोलू द्या.