कार्बन पकडला, पण पुरायचा कुठे?

पावसाळ्यात चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहू देत नाही असा वारा असतो आणि पवनचक्क्या जोरात फिरतात. पाऊस सरला की वारा पडतो. संध्याकाळी सौर वीजही संपते. अशा वेळी हात देते ती कोयना : १९६० मेगावॅट, तीही काही मिनिटांत सुरू. पण कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, त्यामुळे ही वीज पुरवून पुरवूनच वापरावी लागते.

म्हणून नैसर्गिक वायूचं नाव निघतं. आधुनिक वायू केंद्रात एका युनिटमागे साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशाच्या निम्म्याहून कमी. तोही धुराड्यातच अडवता येतो. धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून नेतात, ते हा वायू शोषून घेतं आणि सुमारे १२० अंशांपर्यंत तापवलं की सोडून देतं. गोम अशी की या धुरात तो जेमतेम चार टक्के असतो, कोळशाच्या धुरात बारा-चौदा. म्हणजे इंधन जितकं स्वच्छ, तितकी ही वेचणी किचकट! तापवायला लागणारी वाफ केंद्राच्याच विजेला कात्री लावते. शिवाय ही यंत्रणा सलग चालली तरच परवडते, आणि आपल्याला गरज संध्याकाळपुरती. विहिरीपासून केंद्रापर्यंत वाटेत गळणारा मिथेन तर धुराड्यापर्यंत पोचतच नाही. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट तापवतो.

पकडलेला वायू पुरायचा कुठे? आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संयोग होऊन त्यातला बहुतेक दोन वर्षांच्या आत दगड झाला. बेसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. अजिंक्यताऱ्यापासून सज्जनगडापर्यंत तोच. जागा आयती मिळाली असं वाटेल. पण त्या पद्धतीत टनामागे पंचवीसेक टन पाणी लागतं. हे दुष्काळी माण-खटावात कोण सांगायला जाणार?

कोयनेचा प्रश्न आणखी अवघड. गोठण्याजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि ग्रॅनाइटी खडक लागला. १९६७चा भूकंप जलाशयाच्या पाण्याने भेगांतला दाब वाढून झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. धक्के अजून थांबलेले नाहीत. तिथे दाबाने आणखी द्रव सोडायला माझा तरी विरोध राहील. त्यापेक्षा उरणचं वायू केंद्र समुद्राकाठी आहे आणि मुंबई हायचे जुने तेलसाठे समोरच्या समुद्रात आहेत; असा प्रयोग करायचाच तर तिकडे करावा.